विश्लेषण : बाहेर महायुद्ध, पडद्यावर प्रेमगीत… हॉलीवूडपासून कोल्हापूरपर्यंत हे जमले कसे? बीडचा संबंध काय?

सुट्टीवर आलेला एक लढाऊ वैमानिक. हातात मोजके दिवस. त्याला एक तरुणी भेटते, पण तो तिला आपण कोण ते सांगत नाही. तिला वाटते, हा रिकामटेकडा, युद्धाच्या काळातही कामधंदा न करणारा उंडग्या. मग गाणी, नाच, गैरसमज, रुसवे आणि शेवटी निरोप. ‘द स्कायज द लिमिट’ या 1943 च्या हॉलीवूडपटाची ही गोष्ट. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना असे हलकेफुलके संगीतमय प्रेमपट अमेरिकेत सर्रास बनत होते. त्याच काळात कोल्हापुरात आणि मुंबईत मराठी माणसेही विनोद आणि गाणी पडद्यावर आणत होती. पण दोन्हीकडची परिस्थिती इतकी वेगळी होती की, हॉलीवूडला त्या युद्धातून सरकारची शाबासकी मिळाली, तर मराठी चित्रपटाची पुरती दमछाक झाली. आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या बीडसाठी हे युद्ध आणखीच वेगळे होते.

हॉलीवूडच्या त्या चित्रपटात काय होते?

फ्रेड ॲस्टेअर हे नाव नाचासाठी जगभर प्रसिद्ध. या चित्रपटात तो ‘फ्लाइंग टायगर्स’ या तुकडीतला वैमानिक झाला आहे. ही तुकडी काल्पनिक नव्हती. अमेरिकी वैमानिकांच्या या स्वयंसेवी पथकाने डिसेंबर 1941 ते जुलै 1942 या काळात क्लेअर शेनॉल्ट यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेश आणि चीनच्या आकाशात जपानी विमानांशी झुंज दिली होती. चित्रपटातला नायक या पराक्रमानंतर मायदेशी परततो, तेव्हा त्याची गावोगाव मिरवणूक काढायचा घाट घातला जातो. सत्कार, हार, भाषणे. तो कंटाळतो आणि गाडी थांबली असताना गुपचूप उतरून पळ काढतो.

न्यूयॉर्कमध्ये त्याला भेटते जोन लेस्लीने रंगवलेली छायाचित्रकार. ॲस्टेअर तेव्हा चाळिशी ओलांडलेला, लेस्ली जेमतेम अठराची. हे अंतर आज खटकते, हे मान्यच करायला हवे. तिला नामवंतांच्या छायाचित्रांचा कंटाळा आला आहे. युद्धभूमीवर जाऊन खरे काम करावे, असे तिला वाटते. ज्याला ती आळशी समजून नोकरी शोधून देते, तोच युद्धावरून आलेला आहे, यात सगळी गंमत आहे.

पण या चित्रपटाचे खरे मर्म गमतीत नाही. शेवटाकडे विमान उत्पादकाच्या सन्मानार्थ मेजवानी असते. तिथे आपला नायक उभा राहून सदोष विमानांबद्दल चारचौघांत बोलतो. नंतर तो एकामागून एक मद्यालये पालथी घालतो आणि एका ठिकाणी काउंटरवर चढून नाचताना समोरची काचेची भांडी लाथेने फोडत सुटतो. एरवी सुटाबुटात, केस न विस्कटता नाचणारा ॲस्टेअर प्रेक्षकांनी असा कधी पाहिला नव्हता. हॅरोल्ड आर्लेन यांचे संगीत आणि जॉनी मर्सर यांचे शब्द असलेले त्या प्रसंगाचे गाणे पुढे अनेक गायकांनी गायले. चित्रपट संपतो तेव्हा नायिकेला सत्य कळलेले असते आणि तो पुन्हा लढाईवर निघालेला असतो. ती आकाशाकडे पाहत उभी राहते. तो परत येईल की नाही, हे चित्रपट सांगत नाही. 1943 मध्ये थिएटरात बसलेल्या कित्येक बायकांनाही ते ठाऊक नव्हते.

सरकारला असे चित्रपट का हवे होते?

अमेरिकेने 1942 मध्ये युद्धविषयक माहितीसाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. त्याचा चित्रपट विभाग निर्मात्यांना एकच प्रश्न विचारायचा : या चित्रपटामुळे युद्ध जिंकायला मदत होईल का? हलकाफुलका प्रेमपटही या कसोटीत बसत असे. सैनिक सुट्टीवर येतो, मुलगी कारखान्यात किंवा कार्यालयात काम करते, दोघे आपापले सुख थोडे बाजूला ठेवतात, एवढे दाखवले तरी काम होत होते.

टंचाई तिथेही होती. नेपथ्यासाठी नवे साहित्य एका चित्रपटाला पाच हजार डॉलरपर्यंतच वापरायचे, असे बंधन घातले गेले होते. म्हणून जुनेच नेपथ्य रंग बदलून वापरले गेले, कच्ची फिल्म जपून वापरली गेली. तरीही स्टुडिओ, वितरण, थिएटर ही सगळी यंत्रणा शाबूत होती आणि मुख्य म्हणजे, हे युद्ध आपले आहे, याबद्दल पडद्यावरचे आणि पडद्यासमोरचे यांच्यात एकमत होते. मराठी निर्मात्यांकडे नेमके हेच नव्हते.

मग मराठीत युद्धापूर्वी काय चालले होते?

संगीत, प्रेम आणि विनोद हे मिश्रण मराठी चित्रपटाला युद्धाने शिकवले नाही. ते आधीच आले होते. मास्टर विनायक, म्हणजे कोल्हापूरचे विनायक दामोदर कर्नाटकी, यांनी बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह 1936 मध्ये ‘हंस पिक्चर्स’ सुरू केली. 1938 मध्ये आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ आला. त्यातला औदुंबर एक भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि नेमकी तेव्हाच त्याच्या आयुष्यात किशोरी येते. मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात चित्रित केलेल्या गाण्याने तेव्हा केवढी खळबळ उडाली, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारावे. (नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती.)

त्यानंतर ‘ब्रँडीची बाटली’, मग चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणणारा ‘लग्न पहावे करून’ (1940). युरोपात युद्ध सुरू झाले होते, पण अजून इकडे झळ पोहोचली नव्हती. लग्न जमवण्याच्या खटपटीवर मराठी प्रेक्षक खळखळून हसत होता.

युद्धाने नेमके काय बदलले?

कच्ची फिल्म भारतात तयार होत नव्हती. ती परदेशातून जहाजाने यायची. जर्मनीचा माल बंद झाला आणि अमेरिका-ब्रिटनचा माल युद्धकामाला आधी लागू लागला. युद्धाच्या मधल्या वर्षांत सरकारने चित्रपटाची लांबी 11 हजार फुटांवर आणली. ट्रेलरला 400 फूट. त्या काळच्या वेगाने 11 हजार फूट म्हणजे साधारण दोन तास. त्याआधी डझनावारी गाणी घालून अडीच-तीन तास चालणारे चित्रपट काढणाऱ्यांना ही कात्री जबर होती. 1943 पासून तर फिल्म परवान्यावर मिळू लागली आणि परवाना हवा तर युद्धप्रयत्नांना पूरक चित्रपट काढा, असा दबाव आला. शिवाय थिएटरमालकांना सरकारमान्य माहितीपट आणि वार्तापट दाखवणे सक्तीचे झाले.

यातला खरा पेच साधा होता. ऑगस्ट 1942 मध्ये ‘छोडो भारत’ सुरू झाले, गांधी-नेहरूंसह नेते तुरुंगात गेले. ज्या सरकारने त्यांना डांबले, त्याच सरकारच्या युद्धासाठी चित्रपट काढायचा? नाही म्हणावे, तर फिल्म नाही. हो म्हणावे, तर प्रेक्षक तोंड फिरवणार.

त्यातून पळवाटा निघाल्या. 1943 च्या ‘किस्मत’मध्ये परक्यांना देशातून चालते व्हा म्हणणारे कवी प्रदीप यांचे गाणे होते. त्यात जर्मन आणि जपानी यांची नावे असल्याने सेन्सॉरला हरकत घेता आली नाही. परका कोण, हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. मराठी मातीतले अधिक हुशार उदाहरण व्ही. शांताराम यांचे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे जखमी सैनिकांची सेवा करताना चिनी परिचारिका ग्वो छिंगलान यांच्या प्रेमात पडले, लग्न केले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. चीन हे ब्रिटनचे मित्रराष्ट्र, शत्रू जपान, म्हणजे सरकारच्या व्याख्येत हा युद्धपट. आणि पथक पाठवले काँग्रेसने, म्हणजे प्रेक्षकांच्या मनात हा स्वातंत्र्याचा चित्रपट. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखनावर आधारलेला, वसंत देसाई यांच्या संगीताने नटलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ 1946 मध्ये आला. शांताराम स्वतः नायक, जयश्री नायिका. युद्धाच्या छायेतली प्रेमकथा, गाण्यांसह. हॉलीवूडच्या साच्याच्या सर्वांत जवळ गेलेले मराठी माणसांचे काम हेच म्हणावे लागेल. फरक एवढाच, की इथला नायक विमानातून नव्हे, औषधांची पेटी घेऊन गेला आणि परतला नाही.

या सगळ्यात लता मंगेशकर कुठून आल्या?

कारण ही वर्षे केवळ धोरणांची नव्हती. कुणाच्या तरी घरात चूल पेटायची होती.

24 एप्रिल 1942 रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे पुण्यात निधन झाले. पाच भावंडांत लता थोरल्या, वय साडेबारा. त्याच वर्षी ‘किती हसाल’ या वसंत जोगळेकर यांच्या चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकरांच्या संगीतात त्यांनी गायलेले गाणे अखेर चित्रपटात राहिले नाही. वडील गेल्यावर ‘नवयुग चित्रपट’शी संबंधित असलेल्या मास्टर विनायक यांनी कुटुंबाला हात दिला. ‘पहिली मंगळागौर’ (1942) मध्ये लतांना छोटी भूमिका आणि दादा चांदेकर यांच्या संगीतात गाणे मिळाले. स्नेहप्रभा प्रधान आणि नगरचे शाहू मोडक यांचा हा चित्रपट. विनायक मध्येच ‘नवयुग’मधून बाहेर पडले आणि तो आर. एस. जुन्नरकर यांनी पुरा केला.

बाप गेल्याला काही महिने झालेले आणि मुलीला कॅमेऱ्यासमोर हसायचे, बागडायचे. कपाळ मोठे दिसावे म्हणून पुढचे केस कापले गेले, भुवया कोरल्या गेल्या, तेव्हा घरी येऊन आपण रडलो, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. अभिनय त्यांना कधीच आवडला नाही. पण घर चालवायचे होते.

विनायक यांनी मग कोल्हापुरात ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढली आणि मंगेशकर कुटुंब त्यांच्यासोबत कोल्हापुरात राहिले. ‘माझे बाळ’ (1943) मध्ये आशा भोसले यांचा आवाज पहिल्यांदा चित्रपटात ऐकू आला, संगीत दत्ता डावजेकर यांचे. त्यापाठोपाठच्या ‘गजाभाऊ’त लतांनी पहिले हिंदी गाणे गायले. चित्रपट मराठी, नावही अस्सल मराठी, आणि त्यात मातेला जग बदलण्याचे आवाहन करणारे हिंदी गीत. ही माता कोण आणि बदल कोणता, हे युद्धाच्या बाजूनेही लावता येत होते आणि स्वातंत्र्याच्या बाजूनेही. जिची हिंदी गाणी पुढे देशभर ऐकली जाणार होती, तिची सुरुवात कोल्हापुरात बनलेल्या मराठी चित्रपटातून झाली.

मराठी चित्रपटाचे नुकसान झाले ते कसे?

साधा हिशेब पाहू. परवान्यावर ठरावीक फूटच फिल्म मिळणार असेल, तर निर्माता ती कशावर खर्च करेल? मराठीवर, जिथे बाजार कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि आसपासचा, की हिंदीवर, जिथे लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत प्रेक्षक आहे? एकेक जण हिंदीकडे वळला. विनायक यांनाही तेच करावे लागले. 1945 मध्ये ‘प्रफुल्ल’ कोल्हापूरहून मुंबईला गेली. त्याच वर्षीचा ‘बड़ी माँ’ हिंदी होता, नायिका नूरजहाँ, लता आणि आशा छोट्या भूमिकांत. तो युद्धप्रयत्नांच्या चित्रपटांत गणला जातो. त्यात ‘ब्रह्मचारी’चा खट्याळपणा कुठून असणार?

युद्धकाळात काळ्या बाजारातून कमावलेला पैसाही चित्रपटात उतरला. नट-नट्यांना एकेका चित्रपटासाठी मोठ्या रकमा मिळू लागल्या आणि महिन्याच्या पगारावर माणसे सांभाळणाऱ्या कंपन्या कोलमडल्या. मराठी विनोदी चित्रपट ज्या घरगुती कंपन्यांत फुलला होता, त्याच या होत्या. हॉलीवूडमध्ये युद्ध संपल्यावर ॲस्टेअर पुन्हा नाचू लागला. कोल्हापूरचा तो काळ मात्र परतला नाही.

बीडच्या प्रेक्षकाला या युद्धाचे काय?

बीड तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हते. निजामाचे हैदराबाद संस्थान, त्याचे वेगळे नाणे (हाली शिक्का), वेगळे टपाल, वेगळी जकात, कारभार उर्दूत. शेजारचे नगर ब्रिटिशांकडे, म्हणजे आष्टी-कड्याकडून नगरला जाणे हे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. परळीला निजामाच्या रेल्वेने गाठले होते, पण बीड शहराला गाडी दिसायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावे लागले. चित्रपटाची रिळे असोत की कलाकारांचा तंबू, इथे यायचे ते रस्त्याने, जत्रेच्या हिशेबाने आणि शहरात जुने झाल्यावर.

आता दुसरी बाजू. ब्रिटिश हवाई दलाच्या 152 क्रमांकाच्या तुकडीचे नाव ‘हैदराबाद’ होते, निजामाच्या देणगीवरून. स्पिटफायर विमाने घेऊन ही तुकडी 1940 मध्ये इंग्लंडच्या आकाशातील लढाईत उतरली आणि पुढे ब्रह्मदेशात जपानशी लढली. तुकडीच्या मानचिन्हावर निजामाची पगडी आहे आणि ब्रीद ‘विश्वासू मित्र’ अशा अर्थाचे. निजामाच्या तिजोरीत पैसा येणार तो रयतेच्या साऱ्यातून, आणि त्या रयतेत बीडचा शेतकरीही होता. म्हणजे ॲस्टेअरने पडद्यावर रंगवलेल्या वैमानिकाच्या ब्रह्मदेशातल्या आकाशाशी बीडच्या जोंधळ्याचेही नाते होते, फक्त कुणी त्याला विचारले नव्हते.

त्याच संस्थानात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 पासून बंदी होती, ती 1946 पर्यंत उठली नाही. या संघटनेचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ 1930 च्या दशकात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. निजामाच्या लेखी गावाचे नाव मोमिनाबाद. तिथल्या ज्या तरुणांनी त्यांच्यामागे जाऊन शाळा-घर सोडले, त्यांना ब्रिटिशांशीही लढायचे होते आणि निजामाशीही. अशा माणसाला ‘युद्धप्रयत्न’ या शब्दात काय दिसणार होते? किस्मतमधला दुहेरी अर्थ पुण्यात दुहेरी होता, अंबाजोगाईत तो तिहेरी झाला असता.

शेवटी मास्टर विनायक यांचे काय झाले?

युद्ध 1945 मध्ये संपले. विनायक मुंबईत हिंदी चित्रपट काढत राहिले, पण ‘ब्रह्मचारी’सारखे यश पुन्हा मिळाले नाही. 19 ऑगस्ट 1947 रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर चौथ्या दिवशी, ते वारले. वय अवघे 41. ‘मंदिर’ हा त्यांचा चित्रपट अर्धवट राहिला. तो दिनकर पाटील यांनी पूर्ण केला आणि 1948 मध्ये पडद्यावर आणला. त्यात विनायक यांची लहानगी मुलगी होती, जिला पुढे सगळे नंदा म्हणून ओळखू लागले. लता मंगेशकर यांना दुसऱ्यांदा आधार शोधावा लागला. संगीतकार गुलाम हैदर यांनी 1948 च्या ‘मजबूर’मध्ये संधी दिली आणि अभिनय कायमचा सुटला.

त्याच वर्षी, 17 सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली आणि बीड भारतात आले.